नावेमागचा दोर

चिपळूणच्या बाजारात मैना तरकरची पिठाची आणि मसाला कांडायची गिरण आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या माणसाचे डोळे हटकून लाल असतात. काही मिरचीने, काही मैनाच्या बोलण्याने. बाई सत्तरीला टेकली, तरी जीभ अजून पात्यासारखी चालते. तिने लग्न केलं नाही. का, म्हणून कोणी विचारलं तर सांगे, "एक बघायला आला होता. बशीत चहा ओतून त्याने असा काही भुरका मारला, की मी आतूनच नकार कळवला."

कुणाचं कौतुक करणं तिला जमायचं नाही. आमदार आला तरी, भटजी आला तरी, थोरल्या भावाचा मुलगा शुभंकर ठाण्याहून आला तरी, ती सगळ्यांकडे कोंडा चाळल्यासारखी बघायची. या शुभंकरवर तर तिचा खास राग. तो विमा कंपनीत मोठा साहेब. मराठी बोलताना मधेच थांबून शब्द शोधायचा, आणि सापडला की इंग्रजी असायचा.

दोन हजार एकवीसच्या पुरात तो नेमका चिपळूणला होता. पहाटे वाशिष्ठी बाजारात शिरली आणि बघता बघता गिरण पार बुडाली. मैना, शुभंकर आणि शेजारची सात-आठ बिऱ्हाडं गच्चीवर. तेवढ्यात कुणाची तरी एक लहान फायबरची होडी वाहत आली आणि विजेच्या खांबाला अडकली. शेजाऱ्यांनी बांबूने ती ओढून घेतली. वल्हंही आतच होतं. शेजारचा कापडवाला आशेने म्हणाला, "शुभंकरराव, तुम्ही तर तरकर. तुमचे आजे-पणजे होडी चालवायचे ना खाडीत? निदान लहान मुलं तरी नेऊन सोडा हो उंचावर."

शुभंकर बसला. नशिबाने मुलं अजून बसायची होती. वल्हं पाण्यात घातल्याबरोबर होडी जागच्या जागी भिरभिरली, मग तिरकी सुटली आणि समोरच्या औषधाच्या दुकानावर जाऊन आदळली. साहेबांनी दुकानाच्या पाटीला मिठी मारली. बचाव पथकाची रबरी बोट येईपर्यंत ते त्या पाटीला लटकून होते, आणि गच्चीवरून मैना त्या महापुरातही म्हणत होती, "घ्या! तरकरांचा कुलदीपक."

दुसरा कोणी असता तर पाणी ओसरल्यावर वल्हवायला शिकला असता. शुभंकरने वेगळाच मार्ग धरला. आपल्याला होडी चालवता येत नाही, तर आपले पूर्वज ती किती थोर चालवायचे हे जगाला दाखवायचं त्याने ठरवलं. आधी मोबाइलवर 'तरकर दर्यावर्दी परिवार' नावाचा गट निघाला. त्याच्या चिन्हात नांगर, तलवार आणि सूर्य. मग त्याने एका नळीत थुंकून ती नळी कुठल्याशा प्रयोगशाळेला पाठवली. उत्तर आलं, की तुमचे पूर्वज दक्षिण आशियातले. गटावर जल्लोष झाला. मैनाने लिहिलं, "मला वाटलं होतं नॉर्वेचे. निराशा झाली."

मग एका डिसेंबरात तो गिरणीत येऊन उभा राहिला. कामाची गोष्ट होती म्हणून मिरचीच्या खकाण्यातही टिकला.

"आते, करंबशेतच्या जुन्या धक्क्यावर आपण बाबल्या तांडेलांचा पुतळा उभा करतोय. पूर्णाकृती. हातात तलवार."

बाबल्या म्हणजे मैनाचे आजोबा. करंबशेत हे खाडीकाठचं गाव. पूल व्हायच्या आधी त्या काठावरून पलीकडच्या काठावर माणसं-ढोरं पोचवणारी 'तर', म्हणजे नाव, बाबल्याच्या घराण्याकडे होती. वर्षाला ठरलेल्या भातावर ते गावाला आर-पार करायचे. एवढंच. त्यात कुठे जहाजावरचा तांडेल नव्हता की तलवार नव्हती.

"तलवार?" मैनाने यंत्र बंद केलं. "मेल्या, त्यांनी आयुष्यात कोयत्यापलीकडे काही धरलं नाही. तोसुद्धा नारळ सोलायला."

"पण ते आरमारात असणार. म्हणजे त्यांचे वडील. किंवा त्यांचे."

"असणार! तू असणार म्हटलंस की झाले का?"

"आपला इतिहास कोणी लिहूनच ठेवला नाही, आते. आपणच शोधायला हवा. आणि मला तो फोटो पाहिजे."

फोटो गिरणीच्या मागच्या खोलीत होता. चिपळूणच्या स्टुडिओत काढलेला, बाबल्याचा एकुलता एक. डोक्याला मुंडासं, अंगात उसनी बंडी, आणि कॅमेऱ्याची भीती वाटून वटारलेले डोळे. पुरात तो वाचला, कारण मैनाने गच्चीवर जाताना पोथी-पैसे सोडून आधी तोच काखेत मारला होता. सगळ्या जगाला हिणवणारी ही बाई एकाच माणसाबद्दल कधी वाकडं बोलली नव्हती, ते हे आजोबा. ते गेले तेव्हा ती सहा-सात वर्षांची असेल. तिला त्यांची एकच गोष्ट नीट आठवायची. नावेत ती त्यांच्या मांडीवर आडवी आहे, कपाळावर ओला पंचा आहे, पाणी फळीवर चपचप वाजतंय, आणि आजोबांची बोटं तिच्या केसांतून फिरताहेत. पुढे कुणी तिच्याशी इतकं मायेनं वागलं असेल, तर तिला ते आठवत नव्हतं. म्हणूनच तलवारीचा तिला संताप आला. साध्या, भल्या माणसाला हा नाटकातला सरदार करून ठेवणार.

"फोटो देते," ती म्हणाली. "पण आधी गावात जाऊन विचारायचं. आणि एकाच काठावर नाही. नाव दोन्ही काठांना लागायची. मी येते तुझ्याबरोबर. नाहीतर तू कुणालाही विचारशील आणि काहीही लिहून घेशील."

करंबशेतला भाऊबंदांपैकी भागोजी तेवढा उरला होता. मैनाचा चुलतभाऊ, तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, आणि जेवणाच्या वेळी कुणाच्या घरी कोणतं कालवण शिजतंय ते बरोबर ओळखणारा. शुभंकरने त्याच्यासमोर मोबाइल धरला आणि गाडीतून आणलेला मिठाईचा डबा ठेवला. भागोजीने आधी डब्याकडे पाहिलं, मग मोबाइलकडे.

"काका, आपले पूर्वज आरमारात होते का?"

"व्हते तर."

"कोणत्या जहाजावर?"

"मोठ्या."

"लढाई वगैरे झाली होती?"

"मोठी झाली." भागोजीने एक पेढा तोंडात टाकला. "लय मानसां मेली."

"कोणाबरोबर झाली?"

भागोजी अडला. त्याने मैनाकडे पाहिलं. मैना छपराच्या वाशांकडे पाहत होती. "समोरच्याबरोबर," तो म्हणाला.

शुभंकरचे डोळे पाणावले. त्याने ते सगळं गटावर टाकलं. मैना भागोजीला म्हणाली, "आणखी एक पेढा खा आणि सांग, आजोबा चंद्रावर गेले होते का?" भागोजीने खरंच विचार करायला सुरुवात केली होती.

तिथून ते पुलावरून पलीकडे गेले. पलीकडच्या काठाला खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, वर बौद्धवाडी आहे. वाडीच्या तोंडाशी विहार, मग जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्यांची पाखाडी, आणि वर गमऱ्यांचं घर. अंगणातून खाली अख्खी खाडी दिसते आणि समोर करंबशेतचा धक्का. या घरातली चंपाबाई नव्वदीची. डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान आणि आठवण ठणठणीत. तिचा नातू सुहास चिपळूणच्या शाळेत शिक्षक. त्याने खुर्च्या टाकल्या, पाणी दिलं आणि आजीच्या कानाशी जाऊन सांगितलं, "करंबशेतच्या बाबल्या तरकरांची माणसं आलीत. त्यांची माहिती पाहिजे म्हणतात."

म्हातारीने मान वर केली. "कोन तुमी त्याची?"

"नात," मैना म्हणाली. "आणि हा पणतू. पुतळा करतोय त्यांचा. तुम्ही त्यांच्या नावेत बसला असाल ना?"

"मी?" चंपाबाई म्हणाली. "न्हाय बा. आमी नावेत बसत न्हाय व्हतो. आमी नावेच्या मागनं यायचो."

शुभंकरला कळलं नाही. "मागून म्हणजे दुसरी नाव होती?"

"दुसरी कसली? दोर व्हता." म्हातारी सावकाश सांगू लागली, भाजीचा भाव सांगावा तशी. "नावेच्या पाठी एक लांब दोर बांधल्याला असायचा. तुमची मानसां नावेत बसायची. आमच्या मानसांनी दोर धरायचा नि पान्यातनं यायचं. काठाला पाय टेकत. मधे टेकत न्हाईत. मंग नाव ओढील तसं जायचं. बाप्ये काय, पोहत. बायांचं लुगडं पान्यानं जड होई. डोक्यावर टोपली असली, तर एक हात टोपलीला नि एक दोराला."

 मग शुभंकरनेच, काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पण खाडीत तर मगरी आहेत."

"हायत की. तवा तर आजून व्हत्या." चंपाबाईने त्याच्या आवाजाकडे तोंड वळवलं. "मगरीला जात कळत न्हाय. पन नावेतल्या मानसाला ती धरनार कशी?"

सुहास म्हणाला, "आजी, राहू दे."

"का ऱ्हावूदे? इचारायला आलेत ना?" तिने पदर सारखा केला. "मी लगीन होऊन आली, ती दोर धरून आली. अंगावर हळद व्हती. सासूनं घरात पाऊल टाकायच्या आधी काय शिकवलं, तर दोर कसा धरायचा. मनगटाला वेढा मारू नको म्हनाली. नाव उलटली तर हात सुटत न्हाय. मुठीत धर, नुसता मुठीत. माझी हळद त्या पान्यात गेली."

 मैनाने विचारलं, "आजोबा… वाईट बोलायचे का तुम्हाला?"

"छे गो. कधी शिवी दिलीन न्हाय. उलट पान्याला ओढ असली का वरनं म्हनायचा, 'घट्ट धर गो बाय, घट्ट धर.' चांगला मानूस व्हता." असं म्हणून म्हातारी हसली. आवाज न करता, नुसते खांदे हलवून. "घट्ट धर म्हनायचा. वर ये, असं कधी म्हनाला न्हाय."

सुहासने चहा आणला. मैनाने कप घेतला. शुभंकरनेही घेतला, पण तो बाजूच्या दगडावर ठेवला आणि ॲसिडिटी आहे म्हणाला. करंबशेतला भागोजीकडे त्याने दोन कप रिचवले होते. मैनाने आपला चहा संपवला, त्याचा कप उचलला आणि तोही पिऊन टाकला. सुहासने ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

चंपाबाईला आता थांबायचं नव्हतं. छप्पन साली वाडीने धम्म घेतला. त्यानंतर वाडीतली माणसं धुतलेले कपडे घालून धक्क्यावर गेली आणि नीट नावेत जाऊन बसली. बाबल्या काही बोलला नाही. भांडला नाही की ओरडला नाही. त्याने वल्हं उचललं, खांद्यावर टाकलं आणि घरी निघून गेला. माणसं सांज होईपर्यंत तशीच बसून राहिली. तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच.

"माझा नवरा, सखाराम, मुंबईत गोदीत व्हता," ती म्हणाली. "त्याला कळलं. त्यो काम सोडून आला. बुरोंडीच्या एका कोळ्यानं जुनी होडी मोडायला काढली व्हती, ती घेतलीन. दाभोळच्या तोंडातनं भरतीबरोबर आत आनलीन. डांबर लावलंन. नि हीतनं तर सुरू केलीन. आमची तर. सगळ्यांना वर बसायचं. दोर नव्हताच तिला."

"आणि गावची माणसं बसायची तुमच्या नावेत?" मैनाने विचारलं.

"आदी कुठली! मंग बाबल्या थकला, त्याची नाव कुजली, त्याचा मुलगा चिपळुनात गिरन घालून बसला. आता काय करतील? आदी त्यांनी शेळ्या बसवल्या. शेळीला बाट न्हाय. मंग शेळी धरायला मानूस बसला. मंग एक दिवस मानूस बसला नि शेळी घरी ऱ्हायली."

मैनाला हसू आलं आणि ते आल्याचा रागही आला. अशा तऱ्हेने माणसं सोलायचं काम आजवर तिचं होतं. इथे तिलाच सोललं जात होतं, आणि हात तिच्याहून कितीतरी सराईत होता. तिने अखेरचा आधार धरला.

"काही असो," ती म्हणाली, "मी बसलेय त्यांच्या नावेत. लहान होते. त्यांच्या मांडीवर डोकं होतं माझं. ओला पंचा ठेवला होता त्यांनी कपाळावर. केसांतनं हात फिरवत होते. ते मला आठवतं."

चंपाबाईने तोंड तिच्याकडे वळवलं. मग म्हणाली, "दोनी हात तुझ्या डोक्यावर. मंग वल्हं कोन मारीत व्हता?"

 साठ-पासष्ट वर्षं ती आठवण मैनाने रोज पुसून-धुऊन जपली होती, आणि ही साधी गोष्ट तिच्या मनात एकदाही आली नव्हती.

"तूच व्हय ती पोर!" म्हातारीचा आवाज एकदम चढला. "ताप चढल्याली. डोळं पांढरं केलं व्हतंस. बाबल्या तकडच्या धक्क्यावर उभा ऱ्हावून बोंब मारीत व्हता. 'सखाराम, पोर जाते रे! सखाराम!' मी ह्याच अंगनात भात वाळवीत व्हते. सखाराम जेवनावरनं उठला. उलट्या पान्यात होडी घातलीन, तुमाला घेतलंन, नि गोवळकोटच्या धक्क्याला नेऊन सोडलंन. तिथनं बैलगाडीनं दवाखान्यात. परत आला तर तळहाताची सालां गेल्याली."

"आजोबा काही बोलले?"

"एक शबुद न्हाय. सगळी वाट खाली मान. घरी जाऊन आंगोळ केलीन म्हनतात, डोक्यावरनं. मी बगितली न्हाय. म्हनतात." मग जरा वेळाने, दुसऱ्याच आवाजात, "जगलीस ना? बरां झालां."

परतताना गाडीने पूल ओलांडला. तेव्हा शुभंकरला कंठ फुटला.

"आते, त्या काळी सगळीकडेच तसं होतं. आपण एकटे नव्हतो."

"म्हणजे आपलं खास असं काही नव्हतं. हे तू कबूल केलंस, बरं झालं. मग पुतळा कशाला?"

"लोकांना प्रेरणा लागते."

"दे की. खाली लिही, 'घट्ट धर गो बाय.'"

"तू ना, प्रत्येक गोष्ट निगेटिव्ह… नकारात्मक घेतेस. त्या म्हातारीचं वय काय, तिला किती नीट आठवत असेल? पुरावा काय?"

मैनाने त्याच्याकडे वळून पाहिलं. "भागोजीने लढाई समोरच्याबरोबर झाली म्हणून सांगितलं, तेव्हा तू रडलास. पुरावा तेव्हा मागितला होतास का?"

गिरणीपाशी उतरल्यावर तिने त्याला आत येऊ दिलं नाही. फोटो मिळणार नाही, असं दारातच सांगितलं. "तलवारीला देणार नाही. दोरासकट करणार असशील तर ये. नाव, नावेत बसलेली माणसं, आणि मागे दोर धरून पाण्यात असलेली बाई. असं कर, मी फोटोही देते आणि वर्गणीही."

त्यावर तो निघून गेला.

मैनाने मग आयुष्यात पहिल्यांदा परिवाराच्या गटावर टोमणा सोडून काही लिहिलं. चष्मा लावून, एका बोटाने, दुपारभर. दोर लिहिला, हळद लिहिली, शेळ्या लिहिल्या, ताप लिहिला, सखाराम गमऱ्यांचं नाव लिहिलं. आंघोळीपाशी तिचं बोट थांबलं. शेवटी तेही लिहिलं. तिला वाटलं होतं, निदान कोणी भांडेल तरी. पण बराच वेळ काहीच आलं नाही. मग जोडलेले हात आले. मग गुलाब आला. पुण्याच्या एका तरकराने लिहिलं, "जुन्या जखमा उकरू नयेत." त्याच्या अंगावर कसली जखम, ते त्याने कळवलं नाही. दोघे गट सोडून गेले. आणि लगेच कोणीतरी समुद्रात उगवणाऱ्या सूर्याचं चित्र टाकून सगळ्यांना शुभ सकाळ केलं, दुपारी.

"भित्रट," मैना मोबाइलला म्हणाली. पण तो शब्द नेहमीसारखा सुखाने सुटला नाही. या भित्र्यांच्या गर्दीत एक मुंडासं घातलेला, डोळे वटारलेला माणूसही होता, आणि तो तिचा होता. त्याची बोटं तिच्या केसांत होती, ते खोटं नव्हतं. नातीसाठी त्याने खाडीपलीकडे हाक मारली, तेही खोटं नव्हतं. आणि इतकं होऊनही तो घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतो? त्या एका माणसाला नीट शिव्या घालता येईनात आणि आधीसारखं जपताही येईना. ती काही दिवस गिरणीत गिऱ्हाइकांशी बोललीच नाही. लोकांना वाटलं, बाई आजारी आहे.

शुभंकरने फोटोसाठी आपला चुलतभाऊ रितेश याला पाठवून पाहिलं. हळद कांडायला आलोय असं सांगून त्याने मागच्या खोलीत मोबाइल घेऊन डोकावलं. मैनाने फोटो आधीच पिठाच्या पिंपात ठेवला होता. तिने रितेशच्या हळदीत मूठभर लवंगी मिरची सोडून दिली आणि त्याला हसून निरोप दिला.

आजोबांच्या फोटोवाचून पुतळ्याचं अडेल, असं तिला वाटत होतं. ती तिची चूक. मूर्तिकाराला चेहरा पाहिजे होता, तर शुभंकरने आपलाच फोटो दिला. त्याला मिशा लावल्या, मुंडासं बांधलं, छाती दीड हात वाढवली. तलवार आलीच. पायाशी 'दर्यावीर बाबल्या तांडेल' अशी पाटी, कुठल्या दर्यात कसली वीरता केली याचा उल्लेख नाही. अनावरणाची पत्रिका घरोघर गेली. तिच्यावर मैनाचंही नाव होतं, तिला न विचारता, 'कुटुंबातील ज्येष्ठ सदस्या' म्हणून.

त्या दिवशी तिने गिरण बंद ठेवली, चांगलं पातळ नेसली आणि गाडी न मागता एसटीने गेली. करंबशेतच्या फाट्यावर उतरली नाही. पुढे पूल ओलांडून पलीकडे उतरली आणि पाखाडी चढून गमऱ्यांच्या अंगणात आली. बरोबर कांडलेल्या मसाल्याची पिशवी होती.

"कोन?" चंपाबाई म्हणाली.

"मी, मैना. तापवाली."

"बस. काय आनलंस?"

"मसाला." मग उभ्यानेच, रस्त्यात पाठ केलेलं ती बोलू लागली, "मी आजोबांच्या वतीने तुमची…"

"गप बस गो," म्हातारीने तिला तोडलं. "त्याच्या वतीनं तू कशाला? त्यो काय मुका व्हता? चांगला बोलत व्हता. आनि तुझी माफी घेऊन मी ठेवू कुठं? घरात जागा न्हाय. मसाल्यात मीठ किती घातलंस ता सांग."

मैनाला असं गप्प बसवणारं माणूस आजवर भेटलं नव्हतं. ती बसली. मीठ किती घातलं ते सांगितलं. म्हातारीने चिमूट जिभेवर ठेवून "धने जास्त झालं," असा निकाल दिला.

खाली, समोरच्या धक्क्यावर मंडप दिसत होता. भगवे-निळे फेटे, खुर्च्या, आणि पांढऱ्या कापडात गुंडाळलेला उंच आकार. कर्ण्याचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता. आधी भागोजीचं भाषण झालं. आरमारातली लढाई आता तीन दिवस चालली होती आणि शत्रूची जहाजं चाळीस होती. मग नारळ, मग टाळ्या, आणि कापड खाली आलं.

"कसा दिसतो?" चंपाबाईने विचारलं.

मैनाने डोळ्यांवर हात धरून नीट पाहिलं. "माझ्या भाच्यासारखा."

म्हातारीचे खांदे पुन्हा हलू लागले. या वेळी आवाजही आला. सुहास आतून बाहेर आला, त्यानेही वाकून पाहिलं, आणि एवढा सभ्य माणूस, पण त्यालाही हसू आवरेना.

"सखारामदादांची होडी कुठे आहे?" मैनाने विचारलं. "खाजणात वगैरे पडली असेल ना? तिचं काहीतरी करायला पाहिजे तुम्ही."

"केलां की. पूल झाल्यावर दोन वरसां पडून व्हती. मंग ह्याच्या बापाचं लगीन निघालं, तवा फोडली. लाकूड लय चांगलां. चुलवानात धडधडून पेटलां. सगळ्या वाडीचा भात त्याच्यावर शिजला. सखारामनंच कुऱ्हाड घातलीन." चंपाबाईने समोर तोंड वळवलं. तिला त्या बाजूचं काही दिसत नव्हतं. "वायट वाटलं नसंल त्याला? वाटलंच आसंल. पन जेवला पोटभर."

तेवढ्यात कर्ण्यातून शुभंकरचा आवाज आला. "आता कुटुंबातील ज्येष्ठ सदस्या, मैनाताई तरकर यांना मी विनंती करतो, की त्यांनी व्यासपीठावर येऊन दोन शब्द बोलावेत." थोडं थांबून पुन्हा, जरा मोठ्याने, "मैनाताई तरकर… मैनाताई, असाल तिथून यावं."

"तुला बोलवतात गो," चंपाबाई म्हणाली.

"बोलवू देत," मैना म्हणाली, आणि सुहास चहाची किटली घेऊन आला होता, त्याच्यापुढे तिने आपला कप धरला.